वडिलांचं पोट आणि कंपनीचं दूध

आधी माफी मागून घेतो. लिहायला बसणाऱ्या माणसाकडे निदान एखादं भारदस्त दुःख तरी असावं, असं मला वाटतं. माझ्याकडे आहे ते वडिलांचं पोट. तेही बिघडलेलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे कोणत्या गोष्टी कागदावर लिहायच्या आणि कोणत्या नुसत्या सोसायच्या हे सांगणारं मला कोणी भेटलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. आणि ज्यांना जेवता जेवता वाचायची सवय आहे त्यांनी आधी जेवून घ्यावं, एवढी विनंती.

पप्पा चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या बंपरना रंग मारतात. ब्रशने नव्हे, रंग फवारायच्या गनने. रंग मारायची खोली, तिला ते बूथ म्हणतात, चारी बाजूंनी बंद असते, कारण ओल्या रंगावर धुळीचा कण बसला की बंपर वाया. आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत एकाच तुकड्यात शिवलेला पांढरा सूट घालावा लागतो. पुढे गळ्यापासून खाली एकच चेन. परभणीकडून आले तेव्हा पप्पा नुसते बंपर घासायचे. गन हातात यायला बरीच वर्षं गेली. आता त्यांचा हात असा बसलाय की रंग ओघळायच्या आधीच त्यांना कळतं, हा ओघळणार. कुरुळीत आम्ही राहतो त्या खोल्यांच्या रांगेत त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे पेंटर म्हणतात. घरावर पाटी नाही, पण पाटी असती तर तिच्यावर तेच असतं.

या बूथमधल्या माणसांना कंपनी रोज चहाच्या सुट्टीत दुधाची एक पिशवी देते. रंगाचा आणि थिनरचा वास छातीत बसतो आणि दूध तो धुऊन काढतं, अशी सगळ्यांची श्रद्धा आहे. कंपनीने हे दूध आपणहून दिलेलं नाही. त्यासाठी पप्पांसकट सगळी माणसं गेटवर ठाण मांडून बसली होती. शेवटी दूध मिळालं, पण सुरुवातीला सगळ्या पिशव्या जेवणाच्या डब्यांतून पोराबाळांसाठी घरी जायला लागल्या, तेव्हा कंपनीने अट घातली. कॅन्टीनवाला कात्रीने पिशवीचा कोपरा कापून हातात देणार आणि ती तिथेच, त्याच्यासमोर, उभ्याने संपवायची. जगात इतर कुठे मोठ्या माणसांना असं दटावून दूध पाजतात का, मला माहीत नाही.

पप्पांना मात्र दटावायची गरज नव्हती. त्यांच्या लहानपणी घरात म्हैस होती, पण तिचं दूध कॅनमधून डेअरीला जायचं आणि घरात कोरा चहा व्हायचा. दूध विकायची वस्तू होती, प्यायची नव्हती. त्यामुळे रोज एक अख्खी पिशवी, फक्त आपल्या एकट्याच्या नावाची, कापून हातात मिळणं ही त्यांच्या दृष्टीने आयुष्यात केलेली प्रगती होती. मिशीला लागलेलं दूध ते लगेच पुसत नसत.

मग पोट बिघडायला लागलं. आधी नुसतं गुरगुरणं, मग फुगणं, मग कळ, आणि कळ आली की थांबायला वेळ नाही. रांगेतला प्रत्येक माणूस पोटाच्या बाबतीत तज्ज्ञ निघाला. एकाने सांगितलं, वांगं सोडा. वांगं सुटलं. दुसऱ्याने हरभऱ्याची डाळ, तिसऱ्याने शेंगदाणे. आईच्या भावाने परभणीहून फोनवर तिखट बंद करायला लावलं आणि आमच्या घरात ठेच्याचा वरवंटा सुकून गेला. सगळं सुटल्यावर ताटात काय उरलं? दूध-भात. हलका असतो म्हणून. पोट जितकं बिघडे तितका दूध-भात वाढे, आणि दूध-भात जितका वाढे तितकं पोट. जळजळ झाली की थंड दूध वेगळंच, आणि जुलाबावर एक गोळी. आम्ही घरची माणसं हे सगळं प्रेमाने करत होतो, यात शंका नको.

घरी हे चालून जायचं. बूथमध्ये नाही. चहाच्या सुट्टीनंतर तासाभरात कळ यायची. एका हातात गन, पुढ्यात अर्धा ओला बंपर, आणि अंगावर तो एकतुकडी सूट. पप्पांच्या जागी उभा राहायला बदली माणूस होता, आमच्याच रांगेत राहणारा कोकणातला तरुण. तो धावत येईपर्यंत पप्पा बूथबाहेर चेन ओढत पळत असायचे. आणि चेन अडकायची. त्या चेनबद्दल पप्पा जे बोलायचे ते मी इथे लिहीत नाही. परत आत जायचं तर पुन्हा सूट, पुन्हा धूळ झटकायला हवेचा फवारा, तोवर बंपरवर दोन माणसांच्या हातांचे दोन वेगळे थर. असे बंपर परत यायला लागले.

सुपरवायझर पप्पांपेक्षा वयाने लहान, माणूस वाईट नाही. त्याने आधी चेष्टा केली, "पेंटर, तुम्ही रंग मारता की हजेरी लावून पळता?" मग चेष्टा थांबली. दसऱ्यानंतर तुम्हाला यार्डात टाकतो, म्हणाला. तिथे मोकळी हवा आहे, संडासही जवळ आहे.

यार्ड म्हणजे कंपनीच्या मागची मोकळी जागा. तिथे रंगवून झालेले बंपर रॅकमध्ये ठेवतात आणि एक माणूस स्टुलावर बसून ते मोजतो. ज्यांची कंबर गेली, नजर गेली त्यांना तिथे पाठवतात. पप्पांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, "मोजाय बसवत्यात मला." त्या रात्री दूध-भातही नको म्हणाले.

या सगळ्यात माझं काम काय, तर दर शनिवारी थेरगावहून गुलाबी औषधाची बाटली आणणं. मी बी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि थेरगावात मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो, कारण कुरुळीहून रोज कॉलेजला यायचं तर चाकणच्या ट्रॅफिकमध्येच पदवी घ्यावी लागेल. नातेवाइकांच्या मते मी डॉक्टर होतोय. आईच्या मते मेडिकलवाला. मी काय होतोय याची मलाही पक्की खात्री नाही. पण पप्पा मला कधी काही विचारत नसत, फक्त बाटली आण म्हणत, आणि मी आणत होतो.

आमच्या खोलीच्या खालीच एक मेडिकलचं दुकान आहे. ते चालवणाऱ्या मॅडम पन्नाशीकडे झुकलेल्या, चष्मा कायम कपाळावर. औषधाचं नाव वाचायला तो खाली येतो आणि माणसाकडे बघायला वर जातो. एका शनिवारी त्यांनी बाटली हातात धरूनच ठेवली.

"मागच्या शनिवारी नेलीस. त्याच्या मागच्याही. घरात काय लग्न आहे?"

"पप्पांना ॲसिडिटी आहे."

"कोणी सांगितलं?"

"पप्पांनीच."

"मग कॉलेजात त्यांनाच पाठवायचं, तू कशाला जातोस?"

मी जरा दुखावलो. पण मला बोलायचंही होतं, कारण माझ्याकडे एक शोध होता. आम्हाला नुकतंच गोळ्या बनवायचं प्रॅक्टिकल झालं होतं. गोळीत औषध असतं थोडं, बाकी गोळीला आकार यावा म्हणून भर घालतात, आणि ती भर पुष्कळदा लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते. ही साखर काही जणांना पचत नाही, असंही पुस्तकात होतं. मी दोन्ही जोडलं. चाचरत चाचरत मॅडमना सांगितलं की पप्पा जुलाबावरची जी गोळी घेतात, तिच्यातल्या भरीनेच त्यांना जुलाब होत असणार.

मॅडम म्हणाल्या, "वाचतोस हे चांगलं आहे. पण एका गोळीत ती असून असून किती असणार? चिमूटभर. हजारात एखाद्याला बाधेल, तेही खरं, म्हणून मी विचारून घेतेच. बरं, गोळी घेतात कशाबरोबर?"

"दुधाबरोबर."

मॅडमनी चष्मा वर केला.

"थंड दुधाबरोबर," मी म्हणालो. सुधारणा केल्यासारखं.

"म्हणजे चिमूट शोधलीस आणि पातेलं तसंच ठेवलंस. दिवसाला किती पितात?"

मी कंपनीची पिशवी सांगितली, दूध-भात सांगितला, जळजळीवरचं दूध सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज कमी होत गेला. मॅडमनी बाटली परत फळीवर ठेवली. "आणि हे गुलाबी औषध. यात मॅग्नेशियम असतं, त्यानं पोट सैल होतं. आधी दूध, मग दुधावर हे, मग याच्यावर जुलाबाची गोळी, ती परत दुधाबरोबर. अरे, याला आजार नाही म्हणत, याला बसचा सर्क्युलर रूट म्हणतात. गुरुवारी घेऊन ये त्यांना."

गुरुवारी कंपनीला सुट्टी. पप्पा आले, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू काही माझ्या कॉलेजात बोलावलंय. दुकानात बाळाचं औषध घ्यायला आलेली एक बाई होती आणि बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेले एक आजोबा. त्यांच्यासमोर मॅडमनी विचारलं, "दादा, शी कशी होते?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी फळीवरचे कफ सिरप वाचायला लागलो.

मॅडमनी बाकीचंही विचारलं. रक्त पडतं का, वजन उतरलंय का, झोपेतून उठवणारी कळ येते का, ताप येतो का. "यातलं एकही हो असेल तर माझ्याकडे थांबायचं नाही, आधी डॉक्टर." पप्पा म्हणाले, वजन तर वाढलंय. मग दूध घेतल्यावर किती वेळाने त्रास होतो ते विचारलं, आणि सुट्टीच्या दिवशी जरा कमी असतो का ते विचारलं. पप्पा विचार करून म्हणाले, "व्हय, गुरुवारी बरं असतंय. मला वाटलं कंपनीचं पाणी वाईट."

"कंपनीचं पाणी नाही, कंपनीचं दूध. लहानपणी दूध पचवायचा जो रस पोटात असतो तो मोठेपणी पुष्कळांचा कमी होतो. मग दुधातली साखर तशीच खाली जाते आणि तिथे धिंगाणा घालते. हा काही रोग नाही, आणि ही लाजायची गोष्टही नाही."

बीपीवाले आजोबा मध्ये पडले. "ओ मॅडम, दूध कधी बाधतं का? दूध देवालासुद्धा चालतं."

"देव पितो कुठे, आजोबा? अंगावरून वाहून जातं त्याच्या. पोटात गेलं असतं तर कळलं असतं."

पप्पा हसले. मग हसू आवरून त्यांनी त्यांची खरी शंका काढली. "पर ताई, दूध न्हाई घेतलं तर रंगाचा वास छातीत बसंल ना?"

"दूध जातं पोटात, वास जातो फुप्फुसात. दोघांची गाठ कुठे पडणार? वासाला मास्क. देते ना कंपनी?"

"देती. पर घाम येतो त्यात."

"म्हणजे मास्क खुंटीला आणि दूध पोटाला. कमाल आहे तुमची."

मग त्यांनी सांगितलं ते असं. मी म्हणते ते निदान नव्हे, करून बघायचं. पंधरा दिवस दूध बंद, पेढा-बर्फी बंद, गुलाबी बाटली बंद. ताक-दही आठवड्याने थोडं थोडं, ते बऱ्याच जणांना चालतं, कारण त्यातली बरीचशी साखर विरजणानेच खाल्लेली असते. वांगं, डाळ, दाणे, जे जे उगाच सोडलंय ते परत सुरू. पंधरा दिवसांनी सुट्टीच्या दिवशी घरी बसून एक ग्लास दूध प्यायचं आणि बघायचं. "आणि चहाही कोरा," त्या म्हणाल्या.

पप्पांचा चेहरा तिथे उतरला. दूध सोडायला ते तयार होते. कोरा चहा मात्र त्यांनी मागे, गावाकडे सोडला होता.

तरीही त्यांनी केलं. पहिल्या दिवशी आईने वांग्याचं भरीत केलं आणि पप्पांनी ते असं खाल्लं की बघणाऱ्याला वाटावं माणूस तुरुंगातून सुटून आलाय. कंपनीत पिशवी कापून हातात आली की ते कॅन्टीनवाल्याची पाठ वळायची वाट बघायचे आणि ती बदली माणसाच्या हातात द्यायचे. तो आनंदाने प्यायचा. "भाऊ, तुमचं पोट उतरलं आणि माझं चढलं," म्हणायचा. बूथमधलं पळणं कमी झालं, मग जवळजवळ थांबलं. पप्पा मात्र म्हणत राहिले, योगायोग असंल.

म्हणून तो शेवटचा ग्लास महत्त्वाचा होता. त्या गुरुवारी मी कॉलेज बुडवून घरी गेलो. आईने दूध तापवून, कोमट करून, स्टीलच्या पेल्यात आणून ठेवलं. पप्पा पाटावर बसून हळूहळू प्याले. मग आम्ही तिघेही बसून राहिलो. टीव्ही लावला, पण बघत कोणी नव्हतं.

"काय न्हाई झालं," पप्पा थोड्या वेळाने म्हणाले. "मी म्हणलं व्हतं."

त्यांचं वाक्य संपलं आणि पोटातून असा आवाज आला की शेजारच्या खोलीतल्या मावशींनी भिंतीपलीकडून विचारलं, "कोण आलंय गं?" पप्पा उठले. दारापर्यंत ते रुबाबात गेले. दारापासून पुढे रुबाब नव्हता. रांगेच्या टोकाला दोन संडास, दोन्हीला आतून कडी. पप्पा एका दारासमोर उभे राहिले आणि आत कोण आहे हे न विचारता म्हणाले, "राव, लवकर. हात जोडतो."

परत आले तेव्हा आई तोंडाला पदर लावून बसली होती. पप्पा पाटावर टेकले आणि म्हणाले, "दूधच हाय." आणि लगेच, "हे भाईर कुणाला बोलायचं न्हाई."

मला कळेना. कारण सापडलं होतं, ते सुपरवायझरला सांगितलं की यार्डाचा प्रश्न सुटत होता. मी तसं म्हणालो. पप्पांनी पेला बाजूला सरकवला. "दुधासाठी गेटवर बसलेला मी. आता मीच म्हणू, पचत न्हाई? म्हणतील, ज्याच्या बापाच्या घरात प्यायला दूध नव्हतं त्याला कुठून पचायचं. आन् कंपनी म्हणंल, बघा, ह्यांनाच नको, बंद करा सगळ्यांचं."

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्यांनी या वेळी चेष्टा केली नाही. "तुझ्या पप्पांना एवढंच सांग," म्हणाल्या. "खरं कारण तुम्ही सांगितलं नाही तर सुपरवायझर त्याच्या मनातलं कारण लावणार. त्याला वाटतंय माणूस कामाला कंटाळलाय. आणि हे एकट्या पप्पांचं नाही. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना दूध पचत नाही, सगळे ॲसिडिटी म्हणून बाटल्या नेतात. बूथमध्येही दोन-चार निघतील." कंपनीत डॉक्टर येतो, त्याच्या कानावर घाला, असंही म्हणाल्या. मी फोन करून सगळं सांगितलं. पप्पा "बरं" म्हणाले. त्यांचं "बरं" म्हणजे हो नसतं आणि नाहीही नसतं.

पुढचं मला बदली माणसाने सांगितलं, त्यानंतरच्या आठवड्यात रविवारी, रांगेतल्या नळावर.

"तुझ्या पप्पांनी परवा काय केलं ठाऊक आहे? पिशवी कापून घेतली आणि टेबलावर ठेवली. सुपरवायझर समोरच वडा खात होता. म्हणाले, साहेब, मला दूध पचत न्हाई. म्हणून पळत व्हतो. आता घेत न्हाई, म्हणून पळत न्हाई. माझ्या हाताची चूक काढा आन् यार्डात धाडा, पण दुधापायी धाडू नका."

"मग?"

"मग काय! आणि तो आपला रंग कालवणारा म्हातारा मिक्सिंगवाला आहे ना, तो म्हणाला, मलाही नाही पचत राव, मी तर रोज बेसिनमध्ये ओततो. मग अजून एक बोलला. कॅन्टीनवाला म्हणाला, अरे मग मी कापतो कशाला? सुपरवायझरला ठसका लागला."

"कोणी काही बोललं? दुधावरून?"

"बोलले की. सुपरवायझर म्हणाला, मग दूध सगळ्यांचंच बंद करायचं का? तुझे पप्पा म्हणाले, ज्याला पचतं त्याचं बंद करायचं न्हाई, आम्हाला ताक द्या. आणि दोन दिवस झाले, मास्क लावून बसतात बूथमध्ये. घामाने निथळतात, पण काढत नाहीत."

"आणि यार्ड?"

"दसऱ्यानंतर बघतो म्हणाला."

म्हणजे तिथेच होतं सगळं. त्या आठवड्यात पप्पा कंपनीच्या डॉक्टरलाही भेटून आले, पण डॉक्टर काय म्हणाला ते विचारलं तर म्हणाले, "चांगला हाय माणूस." खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा झाली. पप्पांनी आपल्या गनला झेंडूचा हार घातला, त्याचा फोटो बदली माणसाने मला पाठवला. फोटोत पप्पा हसत नव्हते. निरोप देताना काढतात तसा तो फोटो मला वाटला. प्रसादाचा पेढा त्यांनी रुमालात बांधून आईसाठी आणला.

दसरा झाला. माझी परीक्षा आली आणि मी थेरगावातच अडकलो. पप्पांना फोन केला की ते विचारायचे, अभ्यास झाला का, जेवलास का. मी विचारायचो, कंपनीत काय? ते म्हणायचे, चाललंय. यार्डात बसलेला माणूसही चाललंय असंच म्हणेल. मॅडम येता-जाता भुवई उडवून विचारायच्या आणि मी मान हलवायचो. बदली माणूस गणपतीत रजा मिळाली नव्हती म्हणून आत्ता गावाला गेला होता आणि त्याच्या गावात फोनला रेंज नव्हती. आईला विचारायची हिंमत होत नव्हती, कारण ती जे असेल ते सांगून टाकते.

शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी तिचाच फोन आला.

"मेथी घेतली व्हती रं तुझ्यासाठी, तू काय आला न्हाईस, पिवळी पडली. तुझ्या खोलीवर उंदीर हाय का अजून? त्या शेजारच्या मावशीची सून आली, मुलगी झाली तिला. आन् ऐक, तुझा निळा शर्ट पप्पा घालून गेले, चिडू नगंस, त्यांचे दोन्ही वाळले नव्हते. नव्या पोरांसमोर चांगलं दिसावं म्हणून."

"कुठली नवी पोरं?"

"बूथमधली. दोघंजण आलेत नवीन, त्यांना गन शिकवाय तुझ्या पप्पांनाच ठिवलंय. यार्डात न्हाई पाठवणार म्हणे आता. तुला न्हाई का बोलले ते? आठवडा झाला की त्याला."